याखाल इन्कोमो, १९६८: देशातच राहिलेल्या एका एलपीचं प्रकरण

२३ जुलै १९६८. जोहान्सबर्ग. टेनर सॅक्सोफोनवर विन्स्टन मंकुंकू न्गोझी, पियानोवर लायनेल पिल्ले, बेसवर अग्रिपा मॅग्वाझा, ड्रम्सवर अर्ली माबुझा. निर्माता रे न्क्वे. चार रचना, दोन बाजू. वर्ल्ड रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर निघालेल्या या जॅझ एलपीचं नाव ‘याखाल इन्कोमो’, म्हणजे गुरांचा हंबरडा. कळपातलं एखादं जनावर कापलं जात असताना बाकीची गुरं हंबरतात, तो.

दक्षिण आफ्रिकेत ही एलपी कधीच हरवली नव्हती. शीर्षकरचना तिथे आजही वाजवली जाते आणि सुरुवातीचे दोन सूर ऐकताच लोक ती ओळखतात. मोंगाने वॉली सेरोटे या कवीने १९७२ साली पहिला संग्रह काढला तो याच नावाने आणि त्यात मंकुंकूला वाजवताना पाहिल्याचा उल्लेख केला. देशाबाहेर मात्र तिची दखल फारशी कुणी घेतली नाही. जॅझच्या इतिहासांत दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण असतं, त्यात ट्रंपेटवादक ह्यू मासेकेला असतो, पियानिस्ट डॉलर ब्रँड म्हणजे पुढचा अब्दुल्ला इब्राहिम असतो, ब्लू नोट्स हा गट असतो. मंकुंकू तळटीपेत सापडतो, तोही शोधला तर. एकाच संगीताची घरी आणि बाहेर इतकी वेगळी नोंद का झाली, आणि आज ही एलपी ऐकायची तर नेमकी कशी मिळवायची आणि कशी वाजवायची, हे दोन प्रश्न या प्रकरणात आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर विमानतळावर आहे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल या काळ्यांच्या वस्तीत पोलिसांनी वर्णभेदी कायद्यांविरुद्ध निदर्शनं करणारी ६९ माणसं मारली आणि आणीबाणी लागली. त्याच वर्षी जानेवारीत मासेकेला आणि ब्रँड ज्यात होते त्या जॅझ एपिसल्स या गटाने एक एलपी मुद्रित केली होती. तिच्या ५०० प्रती निघाल्या आणि काही महिन्यांत गटच फुटला. मासेकेला १९६० मध्येच देशाबाहेर पडला. १९६१ मध्ये ‘किंग काँग’ ही संगीतिका लंडनला गेली आणि तिच्यासोबत गेलेल्यांपैकी बरेच जण परतलेच नाहीत. १९६२ मध्ये डॉलर ब्रँड झुरिकला गेला. १९६४ मध्ये ब्लू नोट्स फ्रान्समधल्या आंतीबच्या महोत्सवाला गेले ते बाहेरच राहिले. या सगळ्यांना युरोप-अमेरिकेत मंच, समीक्षक आणि रेकॉर्ड कंपन्या मिळाल्या. बाहेरच्या जगासाठी ‘दक्षिण आफ्रिकन जॅझ’ म्हणजे हे देश सोडलेले लोक, अशी समजूत पक्की झाली.

मंकुंकू राहिला. जन्म १९४३ चा, केप टाऊनच्या रिट्रीट भागातला. आयुष्य बहुतेक केप टाऊनमध्येच गेलं. राहण्याची किंमत काय होती, त्याचा एक नमुना पुरेसा आहे: केप टाऊनच्या सिटी हॉलमध्ये गोऱ्या वादकांच्या कार्यक्रमात त्याला पडद्यामागे उभं राहून वाजवावं लागलं आणि नाव लावलं गेलं ‘विन्स्टन मॅन’. समोर गोरा वादक ओठाला सॅक्सोफोन लावून उभा, सूर मागून येणारे.

शिवाय वेळ वाईट. ध्वनिमुद्रणानंतर पाच महिनेही झाले नव्हते तोच, २ डिसेंबर १९६८ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की सदस्य देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीशी सांस्कृतिक, शैक्षणिक आणि क्रीडाविषयक देवाणघेवाण थांबवावी. ठराव योग्यच होता. पण बहिष्काराची भिंत राजवटीला जशी लागली तशी आत अडकलेल्या काळ्या वादकालाही लागली. भारताने तर त्याच्याही कितीतरी आधी, १९४६ मध्येच, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता आणि तो १९९३ पर्यंत बंद राहिला. म्हणून मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मूळ प्रत सापडेल या आशेवर हेलपाटे घालू नयेत. अमेरिकन आणि ब्रिटिश जॅझच्या एलपी तिथे येतात, कारण त्या एके काळी रीतसर आयात झाल्या किंवा इथेच छापल्या गेल्या. जोहान्सबर्गचा माल दुकानामार्गे येण्याचा रस्ताच ४७ वर्षं बंद होता. कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून आलेली एखादी प्रत निघाली तर निव्वळ नशीब.

भारताचा एक धागा मात्र खुद्द चौकडीतच आहे. पियानोवादक लायनेल पिल्ले भारतीय वंशाचा. वर्णभेदी कायद्यांच्या वर्गवारीत भारतीय वंशाच्या माणसाचा गट वेगळा, बाकी तिघांचा वेगळा, आणि १९५० च्या गट-क्षेत्र कायद्यानुसार त्यांनी राहायचं तेही वेगवेगळ्या वस्त्यांत. म्हणजे ही चौकडी एकत्र येऊन वाजवते हेच मुळात सरकारी व्यवस्थेला न मानवणारं होतं. एलपीवर याची कुठेही जाहिरात नाही. वादकांची नावं वाचा, एवढंच.

पिल्लेचं वादन लक्ष देऊन ऐकावं असं आहे, कारण या एलपीबद्दल बोलणारे बहुतेक जण सॅक्सोफोनपाशीच थांबतात. डाव्या हाताने जाड, मोकळे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) ठेवायचे आणि मुख्य वादकाच्या पायाखाली जमीन तयार करायची, ही पियानिस्ट मॅकॉय टायनरने अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत रुळवलेली पद्धत त्याने आत्मसात केली आहे. पण टायनरइतका तो रेटत नाही. जागा सोडतो. माबुझाही तसाच. १९६३ मध्ये ब्लू नोट्सच्या क्रिस मॅकग्रेगरच्या मोठ्या ताफ्यात तो ड्रम्सवर होता, पण इथे चौघांतला एक म्हणून वाजवताना त्याचा हात बहुतेक वेळ राइड झांजेवर, म्हणजे काठीने सतत ठेका धरायच्या मोठ्या झांजेवर, असतो, आणि ही झांज पुढे आपल्याला फार कामाला येणार आहे.

आता रचना. पहिल्या बाजूला मंकुंकूच्या स्वतःच्या दोन: शीर्षकरचना आणि ‘डेडिकेशन’. दुसऱ्या बाजूला दोन अमेरिकन: होरेस सिल्व्हरची ‘डूडलिन’ आणि कोल्ट्रेनची ‘बेसीज ब्लूज’. ‘डेडिकेशन’ अर्पण आहे ‘डॅडी ट्रेन’ला आणि ‘ब्रदर शॉर्टर’ला. जॉन कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ रोजी गेला. ध्वनिमुद्रणाची तारीख त्याच्या वर्षश्राद्धानंतर सहा दिवसांची. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर तेव्हा जिवंत, पस्तिशीच्या आतला, ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात वाजवत होता. १९६८ मध्ये त्याला थोरल्या भावाचा मान देणं याचा अर्थ जोहान्सबर्ग आणि केप टाऊनच्या वादकांचे कान न्यूयॉर्कच्या अगदी ताज्या घडामोडींवर होते. एकाकी पडलेल्या देशातलं मागासलेलं जॅझ, असा समज कुणी केला असेल तर तो या एका शीर्षकाने निकालात निघतो.

दुसऱ्या बाजूच्या दोन्ही रचना ब्लूज आहेत, १२ बारांच्या. एका बारात ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला जॅझमध्ये ‘कुठे आहोत’ हे कळत नाही ही नेहमीची तक्रार. त्याने सुरुवात याच बाजूपासून करावी. धून संपते तिथून मोजायला लागा. टाळी पहिल्या मात्रेवर देण्याची आपली सवय इथे घात करते. ड्रमरचा हायहॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो, टाळी तिथे द्या. पाचव्या बाराला बेस नव्या स्थानावर जातो, सातव्याला घरी परततो, नवव्याला पुन्हा निघतो आणि अकराव्याला परततो. मॅग्वाझाचा बेस ऐकत ही चार वळणं तीन-चार आवर्तनं पकडली की मंकुंकू समेवर कधी येतो आणि कधी मुद्दाम सम ओलांडून वाक्य पुढच्या आवर्तनात नेतो, हे दिसायला लागतं. ‘डूडलिन’ यासाठी जास्त सोयीची, कारण तिची धून एकच छोटा तुकडा फिरवत ठेवणारी आहे. ‘बेसीज ब्लूज’ त्यामानाने चपळ.

मग पहिली बाजू लावा. शीर्षकरचनेत मंकुंकूचा टेनर कोल्ट्रेनच्या शाळेतला आहे हे लगेच कळतं, पण धून कोल्ट्रेनची नाही. ती गाता येते. घोळक्याने म्हणता येईल अशी आहे. देशात ती लोकांच्या तोंडी बसली याचं कारण हेच असावं. बाहेरच्या समीक्षकाला कदाचित याच कारणाने ती पुरेशी ‘प्रायोगिक’ वाटली नसती. शब्द नसल्याचाही फायदा झाला. सरकारी रेडिओवर गाण्यांचे शब्द तपासले जात. सॅक्सोफोनच्या किंकाळीतून तपासनिसाने काय शोधायचं?

आता दुसरा प्रश्न: प्रत.

पहिला घोटाळा इथेच होतो. १९९६ च्या सीडीवर ‘याखाल इन्कोमो’च्या चार रचनांना एक दुसरी एलपी जोडली गेली: ‘स्प्रिंग’, पियानिस्ट क्रिस शिल्डरच्या पंचकाची, जिच्यात मंकुंकू टेनर वाजवतो. जोडणी वाईट नव्हती, दोन्ही दुर्मिळ वस्तू एका सीडीत मिळाल्या. पण तेव्हापासून अनेक याद्यांत नऊ रचनांचा तो गठ्ठा म्हणजेच १९६८ ची मूळ एलपी असं धरलं जातं आणि पिल्लेच्या नावावर शिल्डरचं वादन खपतं. ओळखायची खूण सोपी आहे. गिटार ऐकू आली की तुम्ही ‘स्प्रिंग’मध्ये आहात, ती गॅरी क्रीलची. मूळ चौकडीत गिटार नाहीच. ‘स्प्रिंग’वर बेस फिलिप शिल्डरचा आणि ड्रम्स गिल्बर्ट मॅथ्यूजचे. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर वर सांगितलेल्या चार रचनांची वेगळी यादी करून तेवढीच एका बैठकीत ऐका. त्या चारांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे आणि नऊच्या रांगेत तो विरघळतो. शोधताना नाव जोडून, तोडून, अपोस्ट्रॉफी देऊन आणि न देता असं सगळ्या प्रकारे टाका. कलाकाराच्या जागी कुठे ‘मंकुंकू क्वार्टेट’, कुठे ‘विन्स्टन मंकुंकू’, कुठे ‘विन्स्टन न्गोझी’ असतं.

जुनी प्रत परदेशातून मागवायची झाली तर विक्रेत्याकडून फोटो मागा ते कव्हरचे नव्हेत. दोन्ही लेबलं आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे, यांचे. हे आकडे मूळ प्रेसिंग (तबकडीची छपाई) आणि नंतरचं प्रेसिंग वेगळं पाडतात. मग दिव्याखाली तिरपा धरून घेतलेला तबकडीचा फोटो. चरे दिसतात, पण चऱ्यांपेक्षा वाईट असते ती खाचांची झीज, जी करडी पडलेली चमक म्हणून दिसते. जी रेकॉर्ड लोकप्रिय होती ती जड पिनच्या फोनोवर शेकडो वेळा वाजलेली असते. तिथे सुईच्या आकाराने फरक पडतो: साधी गोल टोकाची सुई ज्या उंचीवर खाच घासून गेलेली आहे तिथेच बसते, तर मायक्रोलाइन म्हणजे बारीक, धारदार टोकाची सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या जागी स्पर्श करते आणि कधीकधी तिथे न झिजलेला सूर शिल्लक असतो. दोन्ही लावून पाहावं, खर्रखर्र कमी ती ठेवावी.

बाजूच्या शेवटच्या रचना आधीच नाजूक जागी असतात. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला, १४.६ सेंटिमीटर त्रिज्येवर, सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. ६ सेंटिमीटर त्रिज्येवर जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला. म्हणून ‘डेडिकेशन’ आणि ‘बेसीज ब्लूज’मध्ये टेनरच्या वरच्या सुरांना कडा फाटल्यासारखा आवाज येऊ शकतो. तो सगळा वादकाचा नसतो. कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मांडणी आतल्या बिंदूवर काटेकोर जुळवली आणि सुईवरचं वजन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवलं, तर बराचसा जातो. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज; हलकी सुई खाचेत उडते आणि भिंत जास्त फोडते.

धुण्यासाठी ७५० मिली डिस्टिल्ड पाणी, २५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंग-सुगंध नसलेल्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात. हे मिश्रण विनाइलसाठीच. लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल लागलं तर त्या विरघळतात.

डिजिटल प्रत करायची तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली राहील असं ठेवा. याच्या पुढे दोन जागी काम बिघडतं.

पहिली जागा वेग. टर्नटेबल सहा टक्के जलद फिरलं तर सगळं संगीत जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं. एक टक्का फरक मात्र कानाला नुसता ‘काहीतरी तरतरीत’ वाटतो आणि निसटतो. टेनरचा पोत त्यात पातळ होतो, आणि मंकुंकूच्या बाबतीत पोत हीच अर्धी गोष्ट आहे. तपासायचं कसं? पियानो ट्यूनरला लावून पाहता येतो, पण पियानोच मुळात उतरलेला असेल तर आपण फसतो. त्याहून बरा साक्षीदार म्हणजे विजेची गुणगुण. दक्षिण आफ्रिकेतली वीज ५० हर्ट्झची, आपल्यासारखीच. स्टुडिओतली गुणगुण टेपवर उतरलेली असेल तर ती स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वारंवारतेनुसार आवाज दाखवणाऱ्या आलेखात, ५०, १००, १५०, २५० हर्ट्झवर न हलणाऱ्या आडव्या रेषा म्हणून दिसते. सूर येतात-जातात, ती रेषा तिथेच. रेषा २५० ऐवजी २५३ वर दिसली तर संगीत १.२ टक्के जलद वाजतंय, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा चढलंय.

खुद्द ५० हर्ट्झवर मात्र पाहू नका. बेसचा खालचा ‘जी’ हा सूर ४९ हर्ट्झवर असतो, मॅग्वाझा त्यावर आला की रेषा झाकली जाते. २५० ला पाहावं; तिथे फरकही पाचपट मोठा दिसतो. विश्लेषणाची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, सेकंदाच्या वर ठेवा, नाहीतर एक-दोन हर्ट्झचा फरक दिसणारच नाही. आणि आधी सुई उचलून, व्हॉल्यूम तसाच ठेवून पाहा: आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची आणि अर्थिंगची स्वतःची गुणगुण बरोबर ५० च्या पटीतच असते आणि ती पाहून ‘वेग अचूक’ असा निष्कर्ष काढणं सोपं जातं. कधी दोन रेषा शेजारी-शेजारी दिसतात, एक टेपवरची, दुसरी तबकडी कापताना शिरलेली. वाद्यांआधी टेपची सूं सुरू होते त्या क्षणी जी रेषा उगवते, ती टेपची. विजेची वारंवारता स्वतःही थोडी डुलते, त्यामुळे अर्ध्या टक्क्याहून बारीक दुरुस्ती या पुराव्यावर करू नये.

दुसरी जागा म्हणजे खरखर काढण्याचा अतिउत्साह. क्लिक काढणारं सॉफ्टवेअर शोधतं काय, तर अचानक उसळणारा अत्यंत छोटा आवाज. राइड झांजेवर पडलेली काठी नेमकी तशीच दिसते. सॉफ्टवेअरची तीव्रता वाढवली की माबुझाची ‘टिंग’ आधी बोथट होते, मग नुसता धूर राहतो, आणि चौकडीची लय पाय नसल्यासारखी तरंगायला लागते. उपाय: बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त काढलेलं ऐका’ अशी सोय असते. ती लावा. काढलेल्या कचऱ्यात चटचट-फटफट ऐकू आली तर ठीक; त्यात झांजेचा ठेका किंवा सॅक्सोफोनच्या फुंकरीचा मागमूस आला तर मागे या. मोठे क्लिक एकेक करून हाताने काढावेत, बारीक सूं तशीच सोडावी.

मूळ टेपपासून नवी आवृत्ती काढणाऱ्यांची काळजी वेगळी. त्या काळातल्या टेपांत अ‍ॅसिटेट या प्लास्टिकवरच्याही असतात. चकती दिव्यासमोर धरली की अ‍ॅसिटेटच्या गुंडाळीतून उजेड झिरपतो, पॉलिएस्टरची काळी दिसते. व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय. चिकट झालेल्या टेपा ५४ अंशांच्या आसपास आठ तास शेकायचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो १९७०-८० च्या दशकांतल्या विशिष्ट पॉलिएस्टर टेपांसाठी आहे. अ‍ॅसिटेट शेकलं तर ते वाळून कडक होतं आणि तुटतं, मग वाजवायला काही उरत नाही. टेप चढवल्यावर ती वाचणाऱ्या हेडचा कोन त्या टेपवर जुळवून घ्यावा लागतो. तो थोडा चुकला तरी वरचे सूर मंदावतात, आणि पहिला बळी पुन्हा ती झांजच. विकत घेणाऱ्यासाठी याचा उपयोग एवढाच: नव्या आवृत्तीवर स्रोत टेप आहे की तबकडी, हे लिहिलंय का पाहा. काहीच लिहिलेलं नसेल तर बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांची तुलना करा. तिथे आवाज फाटत असेल आणि सुरुवातीला नसेल, तर ती बहुधा जुन्या तबकडीवरूनच उचललेली आहे.

या एलपीनंतर कुठे जायचं? ‘स्प्रिंग’ आहेच, तिचा कर्ता क्रिस शिल्डर पुढे इब्राहिम खलील शिहाब या नावाने वाजवू लागला, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधावं. मंकुंकूची पुढची महत्त्वाची एलपी ‘जिका’ यायला १९८७ उजाडलं, पियानिस्ट माइक पेरीसोबत. तिच्यात १९८० च्या दशकाचे सिंथेसायझर आहेत, काहींना ते खटकतात. १९९० च्या दशकात ‘मोलो आफ्रिका’ आणि २००० नंतर ‘अबान्त्वाना बे आफ्रिका’ आली. १३ ऑक्टोबर २००९ रोजी तो केप टाऊनमध्ये वारला. चौघांमधल्या पिल्लेचा माग काढायचा असेल तर रशीद वॅली या जोहान्सबर्गच्या भारतीय वंशाच्या दुकानदाराने चालवलेल्या ‘अस-शम्स’ लेबलची यादी पाहा. १९७४ मध्ये डॉलर ब्रँडची ‘मॅननबर्ग’ काढली ती याच लेबलने, आणि पिल्लेच्या स्वतःच्या एलपीही तिथेच आहेत.